पत्रिकेवरची पट्टी

हनीननं माझं लाटणं पळवलं, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की ही पोरगी काहीतरी उद्योग करून ठेवणार. आधी लाटणं गेलं, मग खजुराच्या बिस्किटांचा लाकडी साचा गेला, मग इस्त्रीचं टेबल. विचारलं तर म्हणाली, "आई, माझ्या लग्नाच्या पत्रिका करतेय. तू फक्त मध्ये मध्ये करू नकोस."

आता आईनं मध्ये मध्ये करायचं नाही तर काय शेजारणीनं करायचं? बरं, शेजारीण होतीच. उम्म ईसा सकाळपासून आमच्या दिवाणखान्यात फतकल मारून कागद कापत बसली होती.

मुलाकडच्यांनी त्यांच्या पत्रिका त्यांच्या गावी, रामथात, छापून घेतल्या होत्या, सोनेरी कडा आणि मखमली फीत लावून. आमच्या बाजूची नव्वद घरं आमच्या गळ्यात. इथल्या छापखानेवाल्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला म्हटलं, "दादा, मला पत्रिका पाहिजेत, छापखाना नको." आणि बाहेर पडले. शाळेचे गणवेश शिवून घर चालवणारी बाई मी. हॉलचा खर्च मुलाकडचा, तरी मुलीच्या कपड्यांतच माझी पिशवी झटकून झाली होती. लोक म्हणाले, मोबाइलवर पाठवा. पाठवतात हल्ली. पण आमच्या सॉल्ट गावात हातात पत्रिका पडल्याशिवाय म्हातारी माणसं उंबरा ओलांडत नाहीत, आणि म्हातारी माणसं आली नाहीत तर ते लग्न कसलं?

तर हनीन बालवाडीत चित्रकला शिकवते. तिनं चांभाराकडून चपलेच्या तळव्याचं रबर आणलं आणि त्यावर अख्खा मजकूर उलट्या अक्षरांत कोरला. अम्मानला जाऊन छापखान्यातून उरलेला जाड कागद किलोवर आणला. कागद जरा ओला करायचा, बिस्किटांच्या साच्यात दाबायचा, की त्यावर फूल उठून यायचं. मग रबराला शाई, वर कागद, आणि कागदावरून माझं लाटणं. मी बघतच राहिले. एवढी अक्कल हिच्या बापात नव्हती, देव त्याला शांती देवो.

"खाली ती ओळ टाकलीस ना?" उम्म ईसानं विचारलं. हॉल लहान होता, म्हणून पोरं आणू नका हे सांगायचं होतं. ते आमच्याकडे सरळ सांगत नाहीत. 'मुलांचा स्वर्ग त्यांच्या अंथरुणात' असं लिहितात.

"टाकली, मावशी."

"मग नवऱ्यांचंही टाक गं. माझा तर जेवला की खुर्चीतच स्वर्गात जातो."

मी हसले. ते त्या आठवड्यातलं माझं शेवटचं हसू.

दुपारपर्यंत नव्वदच्या नव्वद पत्रिका दोरीवर चिमट्यांनी लटकल्या. मग मी चष्मा लावला आणि पहिल्यांदा मजकूर वाचला. 'मरहूम जमील यांची पत्नी किफाया, आपली मुलगी हनीन हिच्या लग्नाला तुम्हां सर्वांना बोलावते आहे.'

मी चष्मा पुसून परत वाचलं.

किफाया हे माझं नाव. म्हणजे 'पुरे'. आईबापाला मी पाचवी मुलगी झाले तेव्हा बापानं हेच नाव ठेवलं, की देवाच्या कानावर पडू दे, मुली पुरे झाल्या. पुढच्या वर्षी भाऊ झाला, तर बाप चारचौघांत सांगायचा, बघा, नाव लागू पडलं. असल्या नकोशा नावाचा कोणाला अभिमान असणार? शाळेत ताटात भात वाढताना पोरी 'किफाया, किफाया' म्हणून मला चिडवायच्या. लग्न होऊन हनीन झाली आणि मी उम्म हनीन झाले, हनीनची आई, तेव्हा मी सुटले. सव्वीस वर्षं मला कोणी नावानं हाक मारली नव्हती. जमील घरात 'अगं' म्हणायचा आणि गल्ली उम्म हनीन म्हणायची. त्या नावाला ओ द्यायची माझी सवयच मोडली होती.

आणि आता ते नव्वद वेळा दोरीवर वाळत होतं.

"हनीन! हे काय केलंस?"

"काय केलं? ज्यानं वाढवलं, त्यानं बोलावलं. चूक आहे का?"

"तुझ्या काकाचं नाव कुठेय?"

"काकानं काय केलंय?" ती शाईचे हात पुसत म्हणाली. "अब्बा गेले तेव्हा दुकानातला त्यांचा वाटा विकून झरकाला निघून गेला. त्यानंतर एकदा आला. मागणी घालायला पाहुणे येणार होते, त्या दिवशी. पहिल्या खुर्चीवर बसला, कॉफी प्यायला आणि होकार देऊन मोकळा झाला. आयत्या बिळावर नागोबा! आणि वर पत्रिकेतही तोच?"

खोटं एक अक्षर नव्हतं. पण खरं बोलून भागतं का? बाप नसलेल्या मुलीच्या निकाहाला वली लागतो, म्हणजे तिच्या वतीनं सही करणारा घरचा पुरुष. भाऊ नाही, आजोबा नाही, म्हणजे उरला काका. गुरुवारी निकाह लावायला शेख घरी येणार, काकानं सही करायची, आणि शुक्रवारी हॉल. काका अडून बसला तर काझीकडे जाता येतं, मला ठाऊक आहे. पण त्यात आठवडेच्या आठवडे जातात. आणि मुलगा, आमचा मुहन्नद, कुवेतच्या इस्पितळात परिचारक आहे, त्याला एकवीस दिवसांची सुट्टी. त्यातले आठ संपले होते. त्याची आई आधीच एकदा म्हणून गेली होती, की रामथात मुली काय कमी आहेत.

"ह्या पत्रिका आत्ता घराबाहेर जाता कामा नयेत," मी म्हटलं. "आधी विचार करू."

हनीन पुसलेलेच हात परत पुसायला लागली. तिचं हे पुसणं मला चांगलं कळतं.

"काय केलंस?"

"फोटो पाठवला. एकीलाच, आई! शपथ. एकाच मैत्रिणीला."

एकीला! ह्या गावाच्या तोंडात तीळ भिजत नाही. जुन्या बाजारात कोणी शिंकलं तर कोपऱ्यावरचा माणूस 'देव दया करो' म्हणतो. एक वाजता फोटो गेला. चार वाजता दारासमोर माझ्या दिराची गाडी उभी.

अबू रातिब, म्हणजे माझा दीर नव्वाफ, आत आला तो चप्पलसुद्धा न काढता. दोरीवरची एक पत्रिका त्यानं चिमट्यासकट ओढली.

"वा वहिनी, वा! जमीलच्या घरात पुरुष उरला नाही वाटतं? झरकात माझ्या दुकानात येऊन लोक विचारतायत, ही किफाया कोण? मी काय सांगू?"

"सांगायचं, भावाची बायको आहे," हनीन म्हणाली.

"तू गप्प बस!" आम्ही दोघंही एकदम तिच्यावर ओरडलो.

मी म्हटलं, "भाऊजी, बसा. कॉफी टाकते."

"कॉफी नको मला. एक तर वरती माझं नाव येईल, नाहीतर गुरुवारी तुम्ही दुसरा वली शोधा. बाईच्या नावानं बोलावणं करायचं असेल तर बाईकडूनच सही करून घ्या!"

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. नव्वद पत्रिका पुन्हा छापायला कागद नव्हता, आणि कागदाला पैसे नव्हते. मीच बोलून गेले, "वर पट्टी चिकटवू. तुमच्या नावाची पट्टी. झाकून जाईल सगळं."

"झाकून गेलं पाहिजे," तो म्हणाला. "अक्षर दिसता कामा नये. आणि मला पाच हव्यात, दुकानातल्या लोकांना द्यायला. उद्या येतो न्यायला." दारात थांबून परत म्हणाला, "वाटप तूच कर. मला दुकान आहे. प्रत्येक घरी सांग, अबू रातिबनं पाठवलंय."

तो गेला आणि हनीन माझ्यावर तुटून पडली. तू कशाला वाकतेस, तू नेहमीच वाकतेस, अब्बांच्या दुकानाच्या वेळीही तू कॉफीच टाकली होतीस. मीही ऐकून घेणारी नाही. म्हटलं, "तुला लग्न पाहिजे की नाव पाहिजे?"

"दोन्ही!"

"मग ह्या घरात जन्माला यायचं नव्हतंस."

हे बोलायला नको होतं. तिचे डोळे भरले. पण पोरगी गुणाची. रात्रीच्या जेवणाआधी तिनं रबराच्या उरलेल्या तुकड्यावर काकाच्या नावाची अख्खी ओळ कोरून माझ्यासमोर आपटलं. "घे. मी चिकटवणार नाही. एकही नाही."

चिकटवायचं काम माझंच होतं. रविवारी सकाळी मी खळ शिजवायला घेतली. गव्हाचं पीठ, पाणी, चिमूटभर मीठ, मंद आच. बाजारातला डिंक आणायला ना वेळ होता ना मन. पहिल्या पाच पत्रिका केल्या. खळ छान दाट होती. पट्टी अशी बसली की नखानं निघाली नसती. त्या पाच दीर येऊन घेऊन गेला, उन्हाकडे धरून बघितल्या आणि म्हणाला, "हां, आता कसं!"

राहिल्या पंच्याऐंशी. वाडगं रिकामं. डब्यात पीठ होतं, पण ते गुरुवारच्या बिस्किटांचं. शेख येणार, मुलाकडचे येणार, आणि खजुराची बिस्किटं नाहीत? तो विचारही नको. म्हणून मी मूठभरच पीठ घेतलं आणि वर पाणी ओतलं. मग आणखी थोडं. खळ ताकासारखी झाली. म्हटलं, चालतंय, कागदाला असं काय मोठं लागतंय.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पिठाची काटकसर मी जन्मभर करत आले, तशीच तिथेही केली.

चिकटवताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी उठत होते, बसत होते, खिडकीशी जाऊन परत येत होते. एकेका पत्रिकेवर पट्टी ठेवायची, बोटानं दाबायची, की माझं नाव खाली गेलं. त्या नावावर मी कधी प्रेम केलं नव्हतं. तरी चाळिसाव्या पत्रिकेशी माझा हात अडखळला. पोरीनं ते किती सुरेख कोरलं होतं! शेवटच्या अक्षराला तिनं छोटी शेपटी काढली होती, मी उशांवर भरतकामात काढते तशी. मला एकदम रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. उरलेल्या मी न बघता चिकटवल्या.

सोमवारी सकाळी पिशवी काखोटीला मारून निघाले. आमचं गाव म्हणजे नुसत्या पायऱ्या. एका घरातून दुसऱ्या घरी जायचं तर शेजाऱ्याच्या छपरावरून उतरल्यासारखं वाटतं. ऑगस्टचं ऊन. पहिलं घर, म्हणजे घर कसलं, भट्टीच, अबू मिफ्लेहची. तीस वर्षं मी त्याच्याकडून पाव नेते. वयानं मोठा, मिशा पिठानं पांढऱ्या, बोलणं मोजकं.

"अबू रातिबनं पाठवलंय," मी पाठ केल्यासारखं म्हटलं. "हनीनचं लग्न आहे. शुक्रवारी."

त्यानं हात पुसले आणि पत्रिका दोन बोटांत धरली. भट्टीची धग तोंडावर येत होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर पट्टीचं एक टोक उचललं गेलं. मग दुसरं. मग अख्खी पट्टी वळकटी होऊन टपकन ओट्यावर पडली, त्याच्या पिठात.

मला वाटलं, आता मी त्या पिठातच तोंड खुपसावं.

त्यानं वाचलं. सावकाश, ओठ हलवत. मग माझ्याकडे बघितलं.

"किफाया म्हणजे तू?"

"हो." मी पिशवी खाली ठेवली. "भाऊ, तुमच्या पाया पडते. गुरुवारी सही आहे. माझ्या दिराला कळलं की पट्टी निघाली, तर तो यायचा नाही. पोरीचं लग्न मोडेल. गुरुवारपर्यंत कोणाला बोलू नका."

त्यानं पट्टी उचलली, उलटून बघितली आणि भट्टीत टाकली.

"तीस वर्षं पाव नेतेस," तो म्हणाला, "आणि नाव आज कळलं. जा, पुढचं घर बघ. मला काही दिसलेलं नाही."

मी बाहेर येऊन पिशवीत बघितलं, तर काय! सगळ्या पट्ट्यांची टोकं उन्हानं वर आलेली. मी तिथेच पायरीवर बसले आणि थुंकी लावून लावून एकेक दाबायला लागले. काही बसल्या, काही बसल्यासारख्या झाल्या. परत घरी जाऊन सगळं नव्यानं करायचं तर आणखी एक दिवस जाणार, आणि लग्नाला चार दिवस असताना पत्रिका गेली तर आधीच लोक म्हणतात, हे काय आमंत्रण आहे? जेवण उरलं म्हणून बोलावतायत? म्हणून निघाले तशीच.

त्या दोन दिवसांत माझ्या पायाला भिंगरी होती आणि जीव टांगणीला. कुठे पट्टी माझ्यासमोर पडली, कुठे मी वळल्यावर. मागून हाक यायची, "उम्म हनीन, अगं तुझं काहीतरी पडलं!" मग परत पायऱ्या चढायच्या आणि परत तेच बोलायचं. गुरुवारपर्यंत. तुमच्या पोराबाळांची शपथ. फक्त गुरुवारपर्यंत.

हनीनच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, सित्त नादिया, म्हणजे नादियाबाई, यांच्याकडे गेले. त्यांचे गुडघे गेलेले आहेत, दृष्टीही. नातीनं वाचून दाखवलं. सित्त नादिया म्हणाल्या, "छान लिहिलंय. व्याकरण शुद्ध आहे. ती पट्टी कशाला लावली होतीस?" मी सांगितलं. त्यांनी नातीकडे बोट दाखवून दम भरला, "फोन इकडे दे. गुरुवारपर्यंत तुझा फोन माझ्या उशीखाली."

इथवर ठीक होतं. पण यादीत उम्म सख्र होती. उम्म सख्र म्हणजे गावाचा भोंगा. आणि तिची सख्खी बहीण झरकात माझ्या दिराच्या गल्लीत राहते, भिंतीला भिंत लागून. तिला टाळता येईना. तिला पत्रिका गेली नसती तर तीच एक बातमी झाली असती. मी पट्टी तीनदा दाबली आणि दार वाजवलं.

तिनं पत्रिका घेतली, फुलावरून अंगठा फिरवला आणि अंगठा सरळ पट्टीच्या कडेला. "हे काय गं, निघतंय." आणि ओढलीच तिनं! मग वाचलं. मग तिचं तोंड उघडलं ते मिटेना.

"अगं बाई... म्हणजे फोटोतलं खरं होतं!"

मी सगळं सांगितलं. हात जोडले. ती फणकारली, "मला काय सांगतेस? मी काय गावभर बोलत फिरते?"

आता ह्याच्यावर काय बोलणार? मी म्हटलं, "नाही गं, तू कुठली." आणि घरी आले ती अंथरुणाला खिळल्यासारखी. हनीननं विचारलं काय झालं. मी सांगितलं तर ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून तिचंही धाबं दणाणलं. "आई, मी नावच घालायला नको होतं," ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "नाही गं. पीठ जास्त घालायला हवं होतं."

बुधवार. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचं. गाडीचा आवाज आला की खिडकीशी. उम्म ईसानं मला साल्वियाच्या पानांचा चहा पाजला, शिव्या घातल्या, बिस्किटं भरायला बसवलं. मी वीस बिस्किटांत खजूरच भरला नाही, ती तशीच भाजली गेली. मुहन्नदची आई फोनवर म्हणाली, सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक. झरकाहून काहीच आलं नाही. ना फोन, ना माणूस. ते गप्प राहणंच मला खायला उठलं होतं. कारण ह्या गावाला गप्प बसता येतं, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी दीर आला. पहिल्या खुर्चीवर बसला. शेख आले, मुहन्नद आणि त्याचे वडील आले, गल्लीतले चार म्हातारे साक्षीला आले, त्यांत अबू मिफ्लेह. बायका आतल्या खोलीत, दार उघडं. आणि उम्म सख्र हातात मिठाईचं ताट घेऊन सरळ दारातच येऊन बसली, माझ्या दिरापासून दोन हातांवर.

"अबू रातिब," ती मोठ्यानं म्हणाली, "पत्रिका मिळाली बरं का तुमची."

मी कॉफीचा ट्रे होते तिथेच खाली ठेवला. अबू मिफ्लेहनं मिशी चावली.

"मिळाली ना?" दीर खूष झाला. "कशी वाटली?"

उम्म सख्रनं ओठ आवळले. तिच्या गळ्यातली शीर उडताना मला दिसत होती. बाईला किती यातना होत होत्या! "फूल," ती शेवटी म्हणाली, "फूल फार छान उठलंय."

शेखनं कागद पुढे केला. दिरानं पेन झटकलं, नाव लिहिलं, अंगठाही उठवला. मुहन्नदनं सही केली. आतून बायकांनी आनंदाची किलकारी काढली. मी ट्रे परत उचलला. उम्म सख्र माझ्या कानाशी आली. "तीन दिवस घास उतरला नाही बाई माझ्या गळ्याखाली," ती कुजबुजली. "आता सांगू?"

"उद्या," मी म्हटलं. "उद्या सांग. कोणाला सांगायचं त्याला सांग."

शुक्रवारी हॉलच्या दारात दीर सगळ्यात पुढे उभा, सोनेरी काठाचा झगा पांघरून, छाती पुढे काढून. त्याच्या मागे दोन पावलांवर मी. पाहुणे येणार, त्याच्याशी हात मिळवणार, मला मान हलवून आत जाणार. रीतच आहे ती. मला त्याचं काही वाटतही नव्हतं. पोरगी आत मुहन्नदजवळ बसली होती, बस, माझं काम झालं होतं.

पहिला आला अबू मिफ्लेह. स्वच्छ धुतलेल्या मिशा, कोटाच्या वरच्या खिशात ती पत्रिका, नाव बाहेर दिसेल अशी. त्यानं दिराशी हात मिळवला. मग पुढे सरून माझ्यासमोर उभा राहिला आणि भट्टीवर गिऱ्हाईक बोलावतो त्या आवाजात म्हणाला, "किफाया, तू बोलावलंस. आम्ही आलो."

दीर वळला.

मागून उम्म ईसाचा नवरा. "किफाया, बोलावलंस, आलो." मग चांभार, ज्यानं रबर दिलं होतं तो. मग त्याची बायको. मग तिसऱ्या गल्लीतल्या बहिणी, ज्यांच्या पोरांचे गणवेश मी दर वर्षी उधारीवर शिवते. प्रत्येकाच्या हातात पत्रिका, एकाच्याही पत्रिकेवर पट्टी नाही. दिराशी हात मिळवायचे, चांगला आदरानं, त्यात कसूर नाही, आणि पुढे येऊन तेच बोलायचे. किफाया, बोलावलंस, आलो. कोणी ठरवलं होतं हे? मी उम्म सख्रकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

मी नुसती मान हलवत होते आणि नाक पुसत होते. पाचवी मुलगी, पुरे झालेली, आणि अख्खं गाव रांगेनं येऊन माझं नाव घेत होतं.

दिरानं एकाच्या हातातून पत्रिका घेतली. वाचली. उलटून बघितली, परत वाचली. त्याची मान लाल झाली. पण सही कालच झाली होती आणि समोर रांग उभी होती, करणार काय?

"उम्म हनीन!" तो दातांतून म्हणाला. "उम्म हनीन, इकडे बघ. हे काय आहे?"

तेवढ्यात खालून, पायऱ्यांच्या तळाशी, नातीच्या खांद्याला धरून उभ्या असलेल्या सित्त नादियांनी वर तोंड केलं. त्यांना दिसत नाही, आणि गुडघ्यांनी एवढ्या पायऱ्या चढवतही नाहीत. त्यांनी वर्गात हजेरी घेताना काढायच्या तसा आवाज काढला.

"किफाया! अगं किफाया, कुठेयस? हात दे मला."

"ओ!" मी म्हटलं. "आले!" आणि झगा सावरून पायऱ्या उतरायला लागले.